ग्रेस हॉपर: ‘असेलच की’ या उत्तरावर न थांबणाऱ्या बाई

आजचा लेख एका मोठ्या व्यक्तीच्या आयुष्यावर आहे. पण सुरुवात माझ्या फजितीपासून करते, कारण ती झाली नसती तर मी या बाईंबद्दल वाचायला घेतलंच नसतं.

मी पनवेलला राहते आणि सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दोन वर्षांपूर्वी तळोज्याच्या बाजूला एका गोदामात आमचा प्रोग्राम बसवायला गेले होते. काम साधं होतं. माल बाहेर जाताना गेटपास छापायचा, बस. माझ्या लॅपटॉपवर तो महिनाभर व्यवस्थित चालत होता. आदल्या दिवशी मी फोन करून विचारलं होतं, तुमच्या कॉम्प्युटरवर जावा आहे ना? तिकडून उत्तर आलं, आहे. मी पण मनात म्हटलं, असेलच की. सगळीकडेच असतं.

सकाळी जुना प्रोग्राम काढला, नवा टाकला, सुरू केला आणि एरर आली. माझा प्रोग्राम ६१ नंबरचा आहे आणि इथलं जावा फक्त ५२ नंबरपर्यंतचं ओळखतं, असं ती सांगत होती. अर्थ असा की मी प्रोग्राम जावा १७ वर बनवला होता आणि गोदामातल्या कॉम्प्युटरवर होतं जावा ८. म्हणजे फोनवर मिळालेलं उत्तर खोटं नव्हतं. जावा होतंच. माझा प्रश्नच अर्धवट होता.

बरं, जुनं जावा काढून नवं टाकावं, तर वजनकाट्याचं सॉफ्टवेअर त्याच जुन्या जावावर चालत होतं. ते बंद पडलं असतं तर आणखी पंचाईत. शेवटी फोनच्या हॉटस्पॉटवरून रडतखडत जावा १७ उतरवलं, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलं आणि माझ्या प्रोग्रामला तिथला रस्ता दाखवला. यात अडीच तास गेले. तोपर्यंत गेटपास हाताने लिहिले जात होते आणि बाहेर ट्रकची रांग लागली होती. एका ड्रायव्हरला दुपारी दोनच्या आत महाडला माल उतरवायचा होता. तो मला काहीच बोलला नाही. फक्त दर दहा मिनिटांनी दारात येऊन बघून जायचा. ते बघणं मला अजून आठवतं.

संध्याकाळी घरी आल्यावर मी शोधायला बसले, की प्रोग्राम चालायला लागणाऱ्या गोष्टी समोरच्या मशीनवर आहेत की नाहीत हे तपासायची पद्धत आली कुठून? शोधता शोधता एका नावावर येऊन थांबले: ग्रेस हॉपर.

हे नाव तुम्ही ऐकलं असेल. कॉम्प्युटरमध्ये सापडलेल्या पतंगाची, म्हणजे ‘बग’ची गोष्ट यांच्याच नावाने सांगतात. पण ती गोष्ट त्यांच्या आयुष्यातली एक गंमत आहे. त्यांचं खरं काम वेगळंच आहे, आणि ते आपण रोज वापरतो.

सात घड्याळं

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. साधारण सात वर्षांच्या असताना त्यांना प्रश्न पडला, की गजराचं घड्याळ वाजतं कसं? त्यांनी एक घड्याळ उघडलं. ते परत जोडता येईना, म्हणून कसं जोडलंय ते बघायला दुसरं उघडलं. मग तिसरं. आईच्या लक्षात येईपर्यंत घरातली सात घड्याळं उघडून झाली होती. आईने त्यांना एका घड्याळाची परवानगी दिली आणि बाकीची वाचवली.

पुढे व्हासार कॉलेजातून त्या १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या. १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी मिळवली. त्या काळात बाईने गणितात पीएचडी करणं अमेरिकेतसुद्धा दुर्मीळ होतं. त्याआधीपासूनच त्या व्हासारमध्ये शिकवत होत्या. नोकरी चांगली होती, लग्न झालेलं होतं. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.

मग दुसरं महायुद्ध आलं. त्यांना नौदलात जायचं होतं. वय जास्त आणि वजन ठरलेल्यापेक्षा कमी, म्हणून आधी नकार मिळाला. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. १९४३ च्या डिसेंबरमध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या आणि प्रशिक्षणात पहिल्या आल्या. वाटलं होतं जहाजांशी संबंधित काम मिळेल. १९४४ च्या जुलैमध्ये पाठवलं हार्वर्ड विद्यापीठात, एका मशीनसमोर.

वहीतून उतरवून घेतलेले प्रोग्राम

हे मशीन म्हणजे मार्क वन. लांबी ५१ फूट, वजन चार टनांच्या वर. वेग? एका सेकंदाला तीन बेरजा. आज तुमच्या खिशातला फोन सेकंदाला अब्जावधी क्रिया करतो, त्यामुळे हे वाचून हसू येईल. पण १९४४ मध्ये नौदलाची गणितं याच मशीनवर रात्रंदिवस सोडवली जात होती. प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहायचा. हॉपरबाई या मशीनच्या अगदी पहिल्या प्रोग्रामरांपैकी एक. १९४६ मध्ये छापलेलं त्याचं ५०० हून जास्त पानांचं मॅन्युअल मुख्यतः त्यांनी लिहिलं.

इथेच त्यांना आपल्या विषयाची पहिली ठेच लागली.

काही हिशेब परत परत लागायचे. उदाहरणार्थ एखाद्या कोनाचा साइन काढणं. दर वेळी नव्याने कोण लिहिणार? म्हणून हॉपरबाई आणि त्यांचे सहकारी चालून दाखवलेले तुकडे वह्यांमध्ये लिहून ठेवायचे. गरज पडली की एकमेकांच्या वहीतून उतरवून घ्यायचे. आज आपण ज्याला लायब्ररी म्हणतो, तिची ही सुरुवात म्हणायला हरकत नाही.

पण हाताने उतरवलं की चूक आलीच. पुढे युनिव्हॅक मशीनवर तर ४ च्या आकड्याचा त्रिकोणी डेल्टा व्हायचा, आणि डेल्टा म्हणजे तिथे मोकळी जागा. इंग्रजी बी अक्षराचं १३ व्हायचं. शिवाय तुकडा नव्या जागी बसवला की त्यातले सगळे पत्ते बदलावे लागायचे, म्हणजे प्रत्येक ठिकाणी बेरीज. हुशार हुशार गणितज्ञ साध्या बेरजेत चुकायचे. वहीत बरोबर असलेला तुकडा मशीनवर चुकीचा पोचायचा. ओळखीचं वाटतंय ना? माझ्याकडे चालतंय, तुझ्याकडे का चालत नाही, या वादाची ही १९४० च्या दशकातली आवृत्ती.

पतंगाची गोष्ट पण याच काळातली. ९ सप्टेंबर १९४७ ला पुढच्या मार्क टू मशीनच्या एका रिलेत पतंग अडकलेला सापडला. तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला गेला आणि ती नोंदवही आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. तो पतंग हॉपरबाईंनी स्वतः पकडला नव्हता आणि ‘बग’ हा शब्दही त्याच्या कितीतरी आधीपासून इंजिनिअर वापरत होते. पण त्यांनी ही गोष्ट इतक्या वेळा रंगवून सांगितली की ती त्यांच्याच नावावर जमा झाली.

हे दिवस बाहेरून दिसतात तितके सोपे नव्हते. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. हार्वर्डमध्ये बाईला कायमची जागा मिळेना. कामाचा ताण होता, दारूचं व्यसन जडलं होतं आणि जवळच्या लोकांना त्यांची काळजी वाटत होती. १९४९ मध्ये हार्वर्ड सोडून त्या फिलाडेल्फियातल्या एकर्ट-मॉक्ली या छोट्या कंपनीत गेल्या. ही कंपनी युनिव्हॅक नावाचा कॉम्प्युटर बनवत होती. वयाच्या बेचाळिशीत, चाळीस ठिकाणी ठिगळ लावलेलं आयुष्य घेऊन, त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

फक्त नंबर सांगा, बाकी मशीन बघेल

युनिव्हॅकवर काम करताना हॉपरबाईंच्या डोक्यातला विचार असा: उतरवणं आणि बेरीज करणं, ही दोनच कामं माणसाला नीट जमत नाहीत, आणि समोरचं एवढं मोठं मशीन नेमकी तीच दोन कामं उत्तम करतं. मग ती मशीनलाच का देऊ नयेत?

त्यांनी तुकड्यांची लायब्ररी चुंबकीय टेपवर ठेवली आणि प्रत्येक तुकड्याला एक नंबर दिला. प्रोग्रामरने फक्त कुठले नंबर हवेत ते क्रमाने लिहायचं. मशीन टेपवर तो तुकडा शोधणार, जसाच्या तसा उतरवणार, पत्ते जुळवणार आणि पूर्ण प्रोग्राम तयार करून देणार. १९५२ च्या सुमाराचा हा प्रोग्राम म्हणजे ए-झीरो. हॉपरबाईंनी त्याला कंपायलर म्हटलं. आजच्या भाषेत सांगायचं तर त्याचं बरंचसं काम लिंकर करतो तसं होतं.

यातली आपल्या विषयाची गोष्ट अशी, की प्रोग्रामला काय काय लागतं ही माहिती प्रोग्रामरच्या डोक्यातून निघून कागदावर आली. यादी झाली. आणि यादी झाली की ती तपासता येते. डोक्यातलं ‘असेलच’ तपासता येत नाही.

सुरुवातीला लोकांना हे पटेना. कॉम्प्युटर फक्त गणितं करतो, तो प्रोग्राम कसा लिहील, असं मोठमोठ्या जाणकारांचं मत होतं. हॉपरबाई गप्प बसल्या नाहीत. पुढची सुधारित आवृत्ती ए-टू त्यांनी १९५३ मध्ये ग्राहकांना सोर्स कोडसकट दिली आणि सुधारणा कळवा म्हणून सांगितलं. ओपन सोर्स हा शब्द जन्माला यायला तेव्हा कित्येक वर्षं अवकाश होता. त्यानंतर साध्या इंग्रजी शब्दांत प्रोग्राम लिहिता येणारी फ्लो-मॅटिक ही भाषा त्यांच्या टीमने बनवली.

एक प्रोग्राम, दोन मशीन

१९५९ पर्यंत नवीच डोकेदुखी झाली होती. प्रत्येक कंपनीचा कॉम्प्युटर वेगळा, त्याची भाषा वेगळी. मशीन बदललं की सगळे प्रोग्राम पुन्हा लिहा. म्हणून त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने पेंटागॉनमध्ये बैठक झाली आणि सगळ्यांसाठी एक भाषा बनवायचं ठरलं. ती भाषा म्हणजे कोबॉल. ती एका समितीने बनवली. हॉपरबाई सल्लागार होत्या आणि त्यांच्या फ्लो-मॅटिकची छाप कोबॉलवर ठळक आहे. हीच कोबॉल नंतर भारतातही पोचली. २००० सालाआधी वाय-टू-के च्या कामात आपल्याकडच्या कितीतरी इंजिनिअरांचं करिअर या भाषेवर उभं राहिलं.

कोबॉलच्या प्रोग्रामचे चार भाग असतात. त्यातल्या एका भागाचं काम म्हणजे हा प्रोग्राम कुठल्या मशीनसाठी आहे आणि त्याला कुठल्या फायली आणि उपकरणं लागतात ते सांगणं. गरजांची नोंद थेट प्रोग्रामच्या आतच. आज नोडच्या प्रोजेक्टमध्ये पॅकेज फाइल असते किंवा अँड्रॉइड ॲपमध्ये मॅनिफेस्ट असतं, त्यामागचा विचार हाच.

१९६० च्या डिसेंबरमध्ये कसोटी झाली. ६ आणि ७ तारखेला एकच कोबॉल प्रोग्राम किरकोळ बदल करून दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर, युनिव्हॅक टू आणि आरसीए ५०१ वर, चालवून दाखवला. तो चालला.

नाव एकच, वागणं वेगळं

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. प्रत्येक कंपनीने आपापला कोबॉल कंपायलर बनवला, त्यात थोडं आपलं घातलं, थोडं गाळलं. डब्यावर नाव कोबॉल, पण आतला माल प्रत्येकाचा वेगळा.

हे आपल्या भाषेत सांगते. चतुर्थीला उकडीचे मोदक करायचेत. गूळ आहे का? आहे. डबा उघडला तर चिक्कीचा गूळ. डब्यावर गूळच लिहिलंय, पण सारण दगडासारखं होणार. असणं वेगळं आणि चालणं वेगळं.

अमेरिकन नौदलाची तीच गत झाली. त्यांच्याकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर, आणि एका ठिकाणी चालणारा प्रोग्राम दुसरीकडे अडायचा. हॉपरबाईंना १९६६ च्या शेवटी वयामुळे नौदलाच्या राखीव दलातून निवृत्त केलं होतं. वय ६०. पुढच्याच ऑगस्टमध्ये नौदलाने त्यांना परत बोलावलं. काम होतं नौदलातलं कोबॉल एका मापात आणायचं आणि मुदत होती सहा महिने. मधला छोटा खंड सोडला तर ते सहा महिने १९८६ पर्यंत चालले.

त्यांच्या गटाने चाचण्यांचा संच तयार केला. चाचण्या म्हणजे कोबॉलमध्येच लिहिलेले प्रोग्राम. प्रत्येक प्रोग्राम भाषेतली ठराविक गोष्ट करून बघतो, आलेलं उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून बघतो आणि पास की नापास ते सांगतो. कंपनीच्या माहितीपत्रकात काय छापलंय याच्याशी देणंघेणं नाही. मशीनवर चालवा आणि बघा. पुढे अमेरिकन सरकारला कोबॉल कंपायलर विकायचा तर तो अशा चाचणीतून गेलेला हवा, अशी व्यवस्था आली. मग मात्र कंपन्यांचे कंपायलर एकमेकांच्या जवळ यायला लागले. ८० च्या दशकात हे काम अमेरिकेच्या मानक संस्थेकडे गेलं. तिथला कोबॉल-८५ चा चाचणी संच आजही ग्नू कोबॉल बनवणारे लोक वापरतात.

मला विचाराल तर हॉपरबाईंचं हे सगळ्यात कमी बोललं जाणारं आणि सगळ्यात उपयोगी काम आहे. पतंगाची गोष्ट पोस्टरवर छान दिसते, चाचणी संच दिसत नाही. पण गोदामात त्या दिवशी मला पतंगाने नाही, न केलेल्या चाचणीने अडवलं होतं.

तुमच्या फोनमध्ये हेच चालतं

प्ले स्टोअरवर एखादं ॲप तुमच्या फोनला चालणार नाही असा मेसेज कधी आला असेल. ॲपच्या मॅनिफेस्टमध्ये कमीत कमी कुठलं अँड्रॉइड हवं, कुठली हार्डवेअर सोय हवी, हे लिहिलेलं असतं. स्टोअर ते तुमच्या फोनशी जुळवून बघतं आणि जुळलं नाही तर आधीच थांबवतं. राग येतो खरा, पण अर्धवट बसून मध्येच बंद पडण्यापेक्षा हे बरं.

त्याही आधीची एक पायरी आहे. गूगल प्लेसह अँड्रॉइड फोन विकायचा तर बनवणाऱ्या कंपनीला गूगलच्या चाचण्यांचा भलामोठा संच त्यावर चालवून पास व्हावं लागतं. फोन कुठल्याही कंपनीचा असो, अँड्रॉइड म्हटलं की ते ठरल्यासारखंच वागलं पाहिजे. हॉपरबाईंच्या कोबॉल चाचण्यांचा आणि या चाचण्यांचा विचार एकच आहे.

आणि माझ्या एररमधले ते ६१ आणि ५२? जावाच्या प्रत्येक तयार फाइलच्या सुरुवातीलाच असा नंबर कोरलेला असतो. जावा फाइल उघडतं, नंबर बघतं आणि झेपत नसेल तर चालवायला नकार देतं. म्हणजे मशीनने तपासणी केली होती. केली नव्हती ती मी.

उलटं घड्याळ

१९८३ मध्ये हॉपरबाईंना कमोडोर हा हुद्दा मिळाला. दोन वर्षांनी त्याच हुद्द्याचं नाव बदललं आणि त्या रिअर अॅडमिरल झाल्या. १४ ऑगस्ट १९८६ ला, वयाच्या ७९ व्या वर्षी, बोस्टनला यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या जुन्या युद्धनौकेवर त्यांचा निरोप समारंभ झाला. त्यानंतरही त्या एका कॉम्प्युटर कंपनीच्या सल्लागार होत्या आणि गावोगाव भाषणं देत फिरायच्या. सोबत साधारण ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे असायचे. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर कापते, हे त्या समोरच्याच्या हातात तार देऊन दाखवायच्या. तिथेही तेच, नुसतं सांगायचं नाही, दाखवायचं.

त्यांच्या ऑफिसात भिंतीवर एक घड्याळ होतं, त्याचे काटे उलटे फिरायचे. वेळ मात्र बरोबर दाखवायचं. आम्ही नेहमी असंच करतो, हे कारण त्यांना चालायचं नाही, आणि ते घड्याळ त्यासाठी होतं. १ जानेवारी १९९२ ला त्या गेल्या. १९९७ मध्ये त्यांचं नाव दिलेली एक विनाशिका अमेरिकन नौदलाच्या सेवेत दाखल झाली. २०१६ मध्ये मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा तिथला सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.

मी आता काय करते

त्या दिवसानंतर मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. कुठेही काही बसवायच्या आधी, शक्यतो आदल्या दिवशी, ती त्या मशीनवर चालवून घेते. ती पाच प्रश्नांची उत्तरं काढते. तुम्ही कॉलेजचा प्रोजेक्ट दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर दाखवणार असाल तरी हेच प्रश्न लागू आहेत.

१. हवं ते सॉफ्टवेअर आहे का? माणसाला नाही, मशीनला विचारा. टर्मिनल उघडून त्या सॉफ्टवेअरला त्याची व्हर्शन विचारली की कळतं.

२. कुठली व्हर्शन? एकाच मशीनवर दोन व्हर्शन असतील तर आधी कुठली सापडते, तेही बघा.

३. खरंच चालतं का? एक छोटासा प्रोग्राम चालवा, डेटाबेसला जोडून बघा, प्रिंटरवर एक पान काढा.

४. त्यावर अजून कोण अवलंबून आहे? माझ्या बाबतीत तो वजनकाटा होता.

५. नाही जमलं तर परत कसं यायचं? नवं नीट चाललेलं दिसेपर्यंत जुना प्रोग्राम काढायचा नाही.

गेल्या महिन्यात त्याच गोदामात नवी आवृत्ती टाकायला गेले. आदल्या दिवशी स्क्रिप्ट चालवली तर चार ओळी पास आणि एक नापास. प्रिंटरचा ड्रायव्हर कुणीतरी बदलला होता. तो संध्याकाळीच नीट केला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा प्रोग्राम चढला आणि पहिला गेटपास अकरा मिनिटांत बाहेर आला. त्या दिवशी दारात येऊन कुणी बघून गेलं नाही. पनवेलला परत येताना हेच डोक्यात होतं.